मराठीत दुखणे बंद

खरं सांगा, तुमच्या घरी कुणाचं पोट दुखलं, तर ते कोणत्या भाषेत दुखतं?

आमच्याकडे गेल्या हिवाळ्यात ते जपानीत दुखत होतं, आणि या धोरणाचा शिल्पकार मी.

आधी माझ्याविषयी थोडं. बाबा नोकरीत असताना कर्मचारी संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी 'ध' शिकलो तो धनुष्यातला नव्हे, धिक्कारातला! पुढे मीही लिहू लागलो. आमच्या बेसा परिसरातल्या खड्ड्यांवर माझी कितीतरी पत्रकं आहेत. (अक्षरशः. खड्ड्यांवरच पडलेली असतात.) दमलो आहे, पण सवय सुटत नाही.

माझी मोठी बहीण वृषालीताई नर्स आहे. जपानमध्ये वृद्धांची शुश्रूषा करण्याच्या नोकरीसाठी तिची व्हिडिओवर मुलाखत ठरली होती. आधी एकदा ती नापास झाली होती, आणि पाठवणाऱ्या एजन्सीने बजावलं होतं की आता ही शेवटची संधी. गाडी अडली होती ती एकाच ठिकाणी. तिकडचे आजी-आजोबा नुसतं 'दुखते' म्हणत नाहीत. ठणका लागला तर 'झुकिझुकि', पोटात पीळ पडला तर 'किरिकिरि', कातडी चुरचुरली तर 'हिरिहिरि', मळमळलं तर 'मुकामुका'. असे ढीगभर शब्द. आणि ताईने ऐकताक्षणी दुखणं ओळखायचं.

"काहून वं, त्या लोकांले सरळ सांगता येत नाही का?" आई म्हणाली.

"आई, तुले ठसठस आणि चुरचुर यातला फरक कळते ना? तसंच आहे ते," ताई सोफ्यावर पडल्या पडल्या म्हणाली. ड्यूटीवरून ती रोज 'कुताकुता' होऊन यायची. म्हणजे पार गळून गेलेली. हा शब्द आम्हां सगळ्यांना न शिकवता आला.

तिच्याकडे 'शीऽन' असाही एक शब्द होता. अगदी चिडीचूप शांततेसाठी.

"आवाजच नाही, तर शब्द कशाले?" मी खवळलो. "ही भाषिक चैन आहे!"

"तुले नाही लागणार तो कधी," ताई म्हणाली आणि झोपली.

त्या संध्याकाळी मी पत्रक काढलं. 'शब्द पाठ करून भाषा येत नाही, ती अंगात मुरावी लागते! सबब, मुलाखत होईपर्यंत या घरात मराठीत दुखणे बंद!' खाली माझी सही, अनुमोदक म्हणून बाबांची. पत्रक फ्रिजवर चिकटवलं. आई-बाबांनी रोगी व्हायचं, ताईने ओळखायचं, आणि अभिनयाला दहापैकी गुण मी द्यायचे.

दुसऱ्याच दिवशी आईचा हात तव्याला लागला. ती बोटं हवेत धरून शब्द आठवत उभी. "हि... हि..."

"हिरिहिरि!" बाबा ओरडले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मलम लावायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"हात माहा जळला अन् शाबासकी ह्याइले!" आई म्हणाली. वाक्य मराठीत होतं म्हणून मी दोन गुण कापले.

बाबांना मात्र सूर गवसला. ते जेवताना 'मुकामुका' करायचे, भाजीवाल्यासमोर 'झुकिझुकि' करायचे. संघटनेच्या पथनाट्यातला जुना नट जागा झाला होता. आईने सांबारवडी केली तेव्हा त्यांनी तोंडातला घास तसाच ठेवून पोटदुखीचा प्रवेश केला. मी नऊ दिले.

मुलाखतीचा दिवस उजाडला. ताई आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर एक गंभीर जपानी बाई होत्या. मी दाराबाहेर पहाऱ्यावर. तेवढ्यात बाबा मोरीतून वाकत आले आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

"किरिकिरि," ते कण्हले.

"बाबा, आता नाही. मुलाखत सुरू आहे."

"अबे, किरिकिरि!"

मी त्यांना न्याहाळलं. "सहा. चेहऱ्यावर जास्त होऊन राहिलं."

"खरंच दुखून राहिलं ना बे!"

"मराठी आली. पाच."

"मी मरून राहिलो अन् हा मार्क देऊन राहिला!"

"संवाद चांगला आहे," मी कुजबुजलो, "पण आवाज कमी करा."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते पूर्वी फक्त व्यवस्थापनाकडे पाहायचे. मग ते रांगत निघाले. मी त्यांचा पाय धरला. पाय सुटला, चप्पल हातात राहिली, आणि बाबा थेट कॅमेऱ्यासमोर आडवे झाले!

पडद्यावरच्या बाई बोलायच्या थांबल्या. मी मनात म्हटलं, वा! प्रात्यक्षिकच झालं.

ताईने वळून एकदाच पाहिलं आणि ताडकन उठली. बाबांच्या कमरेला हात लावत तिने विचारलं, "इथून खाली कळ जाते का, बाबा?"

बाबांनी मान हलवली.

"सोंग आहे गं, मी पाच दिले," मी खुलासा केला.

"गाढवा, त्यांचा घाम पाहा! ऑटो बोलाव!"

तिने पडद्याला वाकून नमस्कार केला, जपानीत काहीतरी सांगितलं, आणि बाबांना खांद्याचा आधार देऊन निघाली. शेवटच्या संधीकडे तिने मागे वळूनही पाहिलं नाही. मागे मी उरलो, हातात चप्पल, आणि उघडा लॅपटॉप.

बाईंनी मला हळूच काहीतरी विचारलं. ताईची संधी आता माझ्याच हातात, असं मला वाटलं. (हेच माझं जुनं दुखणं.) मी कमरेत वाकलो आणि येत होतं तेवढं आदराने बोललो, "मुकामुका."

बाई चिंतेने पुढे झुकल्या.

मी दुरुस्ती केली. "हिरिहिरि."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग कुणीच काही बोललं नाही. ताईचा तो 'शीऽन' मला तेव्हा लागला.

बाबांना मूतखडा होता. दोन दिवसांत ते घरी आले आणि पलंगावरून पहिलं पत्रक माझ्याविरुद्ध काढलं. त्याला अनुमोदन आईचं, भाजलेल्या बोटांनी केलेल्या सहीसकट. ताईची मुलाखत त्या बाईंनी पुन्हा घेतली. निवड झाली. निरोपाच्या शेवटी त्यांनी आवर्जून विचारलं होतं, वडील बरे आहेत ना, आणि भावाची मळमळ थांबली का?

तर वाचकहो, एक विनंती. आज घरी कुणी कमरेवर हात ठेवून बसलेलं दिसलं, तर जवळ जा, 'कुठे दुखते?' एवढंच विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत शीऽन राहा. मला ते अजून जमलेलं नाही. बाबांनी कालच्या प्रयत्नाला दहापैकी दोन दिले.