पालिकेतला जावई

मी महापालिकेच्या परवाना विभागात आहे, अंधेरीच्या ऑफिसात. सासरे मात्र सगळीकडे "जावई सरकारात" असंच सांगतात. ते आमच्याकडे बोरीवलीला राहायला आले तेव्हा मी एकदा समजावून पाहिलं. म्हटलं, बाबा, राज्य सरकारने सुट्टी जाहीर केली तरी आमचं वेगळं परिपत्रक निघेपर्यंत आम्हाला ती लागू होत नाही. आमचे नियम वेगळे, पगार पालिकेच्या तिजोरीतून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी दूधवाल्याला सांगितलं, जावई सरकारात.

त्यांच्या गावच्या मुंबईकर मंडळाचा मेळावा यंदा बोरीवलीतच होता. दरवर्षी तिथे शासकीय सेवेतल्या गावकऱ्यांचा सत्कार होतो. मागच्या वर्षी सासऱ्यांच्या चुलतभावाचा मुलगा शाल पांघरून बसला होता. तो मंत्रालयात आहे. सासऱ्यांना ते वर्षभर पचलं नव्हतं, म्हणून यंदा त्यांनी माझं नाव दिलं, तेही मला न सांगता. जावई म्हणजे मुलगाच, असं म्हणून मंडळानेही ते घेतलं. सासरे नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले.

चिटणीस माइकवर म्हणाले, "राज्य शासनाच्या सेवेत असलेले आपल्या गावचे जावई."

मला गप्प बसता आलं असतं. शाल घ्यायची, हात जोडायचे, खाली यायचं. पण चूक ऐकली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी म्हणालो, "राज्य शासनाच्या नाही, महापालिकेच्या."

"तेच ते. सगळं सरकारच की हो."

"तेच नाही ना," मंत्रालयातला मेहुणा मागून म्हणाला. "आम्ही राज्य शासनाचे कर्मचारी. पालिका म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था. दिवाळीचा बोनस घेताना हे बरोबर वेगळे असतात."

हॉलमध्ये हशा पिकला. एक म्हातारी मावशी उठून उभी राहिली. "मग मतदानाला माझ्या बोटाला शाई लावली ती पोरगी पालिकेतली कशी होती रे?"

"निवडणुकीपुरती घेतलेली असते, मावशी," मेहुणा म्हणाला.

"म्हणजे एका दिवसाचं सरकार."

एक निवृत्त हवालदार होते, त्यांना राहवेना. "कायद्याचं मी सांगतो. याने लाच खाल्ली तर याला धरणारे आणि तुला धरणारे एकच. तिथे दोघेही लोकसेवक."

"काका, पण आज सत्कार लाच खाल्ल्याबद्दल नाहीये ना?" मेहुणा म्हणाला.

अध्यक्ष हसू आवरत म्हणाले, "अरे, शालीवर कुठे शासकीय लिहिलंय? घाला आणि मोकळे व्हा."

पण मला ते जमेना. मी म्हणालो, "नियम शासकीय सेवेचा आहे. त्यात मी बसत नाही. माफ करा." चिटणिसांनी शाल परत पिशवीत घातली. पुढचं नाव पोलिसात नव्याने लागलेल्या एका मुलीचं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनीही वाजवल्या, पण जरा उशिरा. ते बघून मला वाटलं, खरं बोलून मी नेमकं काय मिळवलं? एका म्हाताऱ्या माणसाची संध्याकाळ घालवली.

वडे आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाराचं ताट घेऊन मी कोपऱ्यात उभा राहिलो. पहिला घास तोंडात, तोच एकजण आला. "भाऊ, तुम्ही पालिकेत ना? आमच्या गल्लीत कुत्री फार झालीत."

"मी परवाना विभागात आहे."

"ते विभाग तुम्ही आत बघून घ्या हो."

त्याच्या मागे गटार तुंबल्याची तक्रार घेऊन आलेले, त्यांच्या मागे एक वहिनी. त्यांच्या खिडकीत झाडाची फांदी घुसली होती. मंत्रालयातल्या मेहुण्याला कोणी काही विचारलं नाही. तो निवांत गरम वडे खात होता. माझं सांबार गार झालं. तेवढ्यात सासरे ताट घेऊन माझ्या बाजूला येऊन उभे राहिले आणि वहिनींना म्हणाले, "ते बघतीत. सोमवारी जातले." सोमवारी मी कुठे जाणार होतो, ते मला माहीत नव्हतं.

घरी येताना ते माझ्या चार पावलं पुढेच चालत होते. चहा झाल्यावर त्यांनी गावाला फोन लावला. मी आतल्या खोलीत कान टवकारून बसलो. माफी मागायची तयारी करत होतो.

"आयकलंस?" ते सांगत होते. "जावयान भर सभेत सत्कार नको म्हणान सांगल्यान. तो म्हणालो, माका सरकारचो मान नको, मी मुंबयचो नोकर. सगळी गप्प. मागसून तो जेवक बसलो तर लोकांची ही रांग. सरकारवालो एकटोच वडे खाय होतो."

मी उठलो. असं मी म्हणालोच नव्हतो. बायकोने दारातच माझा हात धरला. "इथे तरी गप्प बस ना," ती हळूच म्हणाली.

सासऱ्यांनी फोनवर हात ठेवून आत डोकावलं. "जावयबापू, वाडीतल्या एका झिलाक अंधेरीत दुकान काढूचा आसा. परवानो तुमीच देतास ना?"

"त्या मुलाला अर्ज करायला सांगा, बाबा. कागदपत्रं नियमाप्रमाणे असली तर मिळेल."

त्यांनी मान डोलावली, फोन पुन्हा कानाला लावला.

"झाला म्हणान समज," ते म्हणाले.