मुंबई लागेपर्यंत

बिरप्पाला रेडिओचा राग आला नव्हता. राग यायलाही अंगात त्राण लागतं, ते त्याच्यापाशी उरलं नव्हतं.

मैंदर्गीच्या मेंढक्याचा हा पोरगा. शहरातल्या डॉक्टरसाहेबांकडे बावीस वर्षं राबला. आधी टांगा, मग मोटार. यंदा साहेब अमेरिकेहून नवी मोटार घेऊन परतले आणि तिच्यात रेडिओ. तिकडे म्हणे गावोगावी केंद्रं, गाडी चालवता चालवता गाणी लागतात. इथे जवळात जवळचं केंद्र मुंबई, तीही अडीचशे मैलांवर. परमुलखातून आणलेल्या सुनेनं इथे बोलायचं तरी कोणाशी? पण साहेब मित्रांपुढे बोलून बसले होते, शनिवारी मोटारीत मुंबई ऐकवतो म्हणून.

"जिथं लागेल तिथपर्यंत जा," त्यांनी बिरप्पाला हुकूम सोडला, "पण मुंबई लागेपर्यंत रजेचं नाव काढायचं नाही."

रजा हवी होती ती आईसाठी. केराबाईनं अंथरूण धरलं होतं.

दिवसभराची कामं उरकून बिरप्पा रोज संध्याकाळी होटगीच्या माळावर जाई. बॅटरी उतरेल या धास्तीनं इंजिन चालूच ठेवी आणि रेडिओचा कान पिळत बसे. आतून नुसती खरखर. असे पाच दिवस गेले. मान धरली, डोळे चुरचुरू लागले.

सहाव्या दिवशी गावाकडचा गुंडा नावाचा मेंढका मेंढरं घेऊन माळावर भेटला.

"बिरप्पा, केराबाईचं काय खरं न्हाय. तुजं नाव घेतीया सारकं. आन् तू हितं काय करतुयास?"

"मुंबई हुडकतोय. साहेब म्हनले, लागंल तितं जा."

"मग मैंदर्गीला जा की! तितं हुडकू नगं म्हनलेत व्हय?"

बिरप्पा त्याच्याकडे बघतच राहिला. एवढी साधी गोष्ट पाच दिवसांत सुचू नये! हुकमाच्या माणसाचं असंच होतं. सांगितलेलं तेवढं करतो, त्यातली आपल्या सोयीची वाट त्याला दिसत नाही. त्यानं मोटार वळवली.

तीस मैल तो रेडिओ चालू ठेवूनच गेला. हुकूम तो हुकूम. दिवस मावळल्यावर मेंढरांच्या वाड्याशी पोचला. वाघरीच्या जाळीलगत बाजेवर आई पडली होती, चिपाडासारखी. मोटारीच्या आवाजानं बिचकेल म्हणून त्यानं इंजिन बंद केलं.

आणि खरखर एकदम थांबली. इतके दिवस ती इंजिनाचीच होती. कोणी बाई गात होती, स्वच्छ, अगदी शेजारी बसल्यासारखी. मुंबई लागली होती! रजा मिळाली, साहेबांची लाज राहिली, सगळं झालं.

"बिरू," आई क्षीण आवाजात म्हणाली, "त्ये बंद कर. तुजा आवाज ऐकायला जीव धरून ऱ्हायलीया."

त्यानं बंद केला. बाजेच्या कडेला टेकला.

आणि बोलायला काही सुचेना. बावीस वर्षं जी साहेब, व्हय साहेब यापलीकडे जीभ वळली नव्हती. आईजवळ काय बोलतात तेच तो विसरला होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"जेवलीस का, अव्वा?" शेवटी कसंबसं तोंडातून निघालं.

तीन दिवस केराबाईच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरला नव्हता.

"जेवले की," ती म्हणाली. "बोल आजून."