छत्रीखाली काढलेला फोटो

रविवार, ११ नोव्हेंबर १९७९. फिल्मचा रोल साडेबारा रुपयांचा. वाशीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर हजर तिघे: माझे वडील, बायको आणि मी. कॅमेरा सासऱ्यांचा, चार दिवसांसाठी मागून आणलेला.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. सत्तरी उलटली तरी त्यांचा एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी त्यांची समजूत. नवा फ्लॅट बघायला ते गावाहून आले, तेव्हा आम्ही दोघं मागे लागलो आणि कसाबसा होकार मिळवला. तोही अटीवर.

"एकच काढ. बिघडला तर बिघडला. परत बसायचा नाही मी."

कॅमेरा घडीचा होता. मिटला की जाड पुस्तकाएवढा. कडेची कळ दाबली की पुढचं झाकण खाली पडायचं, आणि भिंग रुळावरून पुढे ओढलं की त्याच्यामागे काळ्या चामड्याचा भाता उलगडायचा, बाजाच्या पेटीला असतो तसा. भात्याचं काम एवढंच, की भिंगाखेरीज दुसरीकडून उजेड आत जाऊ नये. पाठीवर एक लहानशी लाल खिडकी. चावी फिरवली की फिल्मच्या कागदावरचे आकडे तिच्यात दिसत, एक ते आठ.

कॅमेरा देताना सासऱ्यांनी मला काही सांगितलं नाही, मुलीला सांगितलं: चामडं जुनं आहे, ऊन लागू देऊ नको. म्हणून ती आबांची काळी छत्री उघडून कॅमेऱ्यावर धरून उभी राहिली. खाडीवरून वारा येत होता आणि छत्रीची कड सारखी भिंगासमोर उतरत होती.

मी वैतागून म्हटलं, "फोटो आबांचा काढायचाय की छत्रीचा?"

"मी बाबांना शब्द दिलाय. तुम्ही काढा," ती म्हणाली.

आबा गुडघ्यांवर हात ठेवून, इंजेक्शन घ्यायला बसावं तसे बसले होते. मी कळ दाबली आणि चावी फिरवून लाल खिडकीत दोनचा आकडा आणला. तेवढ्यात छत्री उलटी झाली आणि तिची एक काडी मोडली.

"माझं आयुष्य गेलं ते गेलं," आबा म्हणाले, "काडी कोण भरून देणार?"

उरलेले सात फोटो मी छत्रीशिवाय काढले. काही गच्चीवर, काही दुपारी खाडीकाठच्या दिवाळे गावी जाऊन, वाळत घातलेल्या मासळीजवळ. सगळे भर उन्हात. दुसऱ्या दिवशी आबा गावी गेले.

आठवड्याने स्टुडिओत गेलो. मालकाने निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली आणि मान हलवली. भात्याला भोकं पडली असणार, उन्हात उजेड आत घुसलाय, असं त्याचं म्हणणं. पट्टीचं शेवटचं टोक वर होतं. आठ नंबरवर आडवे काळे पट्टे. सातवर तेच. सहावर बायकोचा चेहराच दिसत नव्हता. आबा परत बसणार नाहीत, हे एकच माझ्या डोक्यात. दोन नंबरही गेलेला पाहिला, आणि मी त्याला थांब म्हणालो. पुढचं बघायचा धीर नव्हता.

त्याने तरी पट्टी वर सरकवली.

"साहेब, हा कसा काय वाचला? सावलीत काढला होता का?"

एक नंबर स्वच्छ होता. हात, गुडघे, टोपी, सगळं जागच्या जागी. वरच्या कोपऱ्यात तेवढी छत्रीची कड आली होती. मी दुकानातल्या बाकावर बसलो आणि पाणी मागून घेतलं.

घरी येऊन खोलीत अंधार केला आणि उघड्या कॅमेऱ्यात मागून टॉर्च धरली. भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांवर उजेडाचे बारीक ठिपके चमकले. बायकोने ते पाहिले.

भाता बदलायचे पैसे सासऱ्यांनी घेतले नाहीत. स्टुडिओवाल्याला मोठ्या प्रिंटचे नऊ रुपये दिले. आणि आबांना फोटोपाठोपाठ मनीऑर्डरने दोन रुपये, छत्रीच्या काडीचे.