आजींच्या बाटलीतलं मीठ

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात पोर्टर होते आणि आई तिथल्याच लॉंड्रीत. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला होते. तेव्हा मला प्रोजेक्टसाठी विषय मिळाला तो असा: कोरियन माणसांच्या लघवीत खाण्यामुळे काय बदलतं आणि वयामुळे काय. विषय माझा नव्हता, आमच्या लेक्चररांचा. जहाजांच्या इंजिनांचं शिकायला पाच-सहा कोरियन कुटुंबं त्या वर्षी शहरात राहत होती. ती घरी आपलंच जेवण करत, भरपूर मीठ घालून मुरवलेल्या कोबीसकट, म्हणून लेक्चररांना ती हवी होती.

हे आईला सांगायला मला दोन दिवस लागले. 'युरिन' म्हटलं तर तिला समजेना आणि 'लघवी' म्हणायची मला लाज वाटत होती.

शेवटी समजल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आम्ही लोकांच्या चादरी धुवायच्या, आणि तू एवढी शिकून त्यांची लघवी वाहून आणणार?"

"अगं, तिची बाटलीत असते," बाबा म्हणाले. "तुझ्यापेक्षा बरं."

काम सोपं होतं. प्रत्येकाला एक मोठी तपकिरी बाटली द्यायची. सकाळची पहिली लघवी सोडून पुढच्या चोवीस तासांची सगळी त्यात साठवायची. सोबत एक वही, त्यात दिवसभर काय खाल्लं ते लिहायचं. दुसऱ्या दिवशी मी बसने जाऊन दोन्ही घेऊन यायची. बाटल्या शॉपिंग बॅगेत उभ्या ठेवून मी बसमध्ये वरच्या मजल्यावर कधीच गेले नाही.

त्या घरांपैकी एका घरात तीन पिढ्या होत्या. नवरा, बायको, चार वर्षांचा मुलगा आणि नवऱ्याची आई. वयाची तुलना करायची तर एवढी एकच म्हातारी व्यक्ती मला मिळणार होती, त्यामुळे माझा अर्धा प्रोजेक्ट या आजींवर उभा होता. आजींना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात धरून विचारलं, "पाप?" आणि पुढे काहीतरी.

मी घाबरले. मी काय पाप केलं? सून किचनमधून हसत आली. पाप म्हणजे भात, म्हणाली. जेवलीस का, असं विचारतायत. आमच्याकडे भेटल्यावर हेच विचारतात.

मग मीही सुनेकडून तो प्रश्न शिकून घेतला आणि पुढच्या खेपेला आजींना उलट विचारला. सून लाजून लाल झाली. थोरांच्या जेवणाला 'पाप' म्हणत नाहीत, त्याला निराळा, मानाचा शब्द आहे, असं तिने मला हळूच सांगितलं. आजींनी मात्र वाईट वाटून घेतलं नाही. पोटावरून हात फिरवून त्या हसल्या. भरलंय, असं.

वहीतही तेच दिसत होतं. वही सून लिहायची: सकाळी भात, सूप, मासा, कोबी. दुपारी पुन्हा भात. आजींच्या नावापुढे घरात सगळ्यात चांगलं जेवण होतं.

बाटलीत मात्र ते नव्हतं. बाकी सगळ्या कोरियन बाटल्यांमध्ये मीठ इतकं होतं की मला नमुना आणखी पातळ करून पुन्हा मोजावा लागे. आजींच्या बाटलीत ते जेमतेम होतं. प्रोटीन खाल्लं की युरिया वाढतो, तोही फार कमी. मला वाटलं, आजी लाजून अर्धी लघवी टाकून देत असणार. माझ्या आईनेही तेच केलं असतं. म्हणून दुसरी बाटली देताना मी सुनेला म्हटलं, "प्लीज, त्यांना सांगा, बाटली भरली पाहिजे."

 मला 'सगळी साठवा' म्हणायचं होतं.

दुसरी बाटली बरीच भरलेली आली. तिसरी काठोकाठ, आणि आतलं जवळजवळ नळाच्या पाण्यासारखं. एकूण मीठ मात्र तेवढंच. नंतर सुनेने कौतुकाने सांगितलं की सासूबाई दिवसभर किटलीच्या किटल्या गरम पाणी पीत होत्या, तुमचं काम अडू नये म्हणून.

क्रिएटिनिन नावाचा एक पदार्थ असतो. तो माणूस रोज जवळपास सारखाच बाहेर टाकतो, म्हणून बाटलीत पूर्ण दिवस आहे की नाही ते त्यावरून कळतं. आजींच्या तिन्ही बाटल्यांत तो सारखा होता. म्हणजे त्यांनी पहिल्या दिवसापासून थेंबही टाकला नव्हता. मग मी कीटोनची पट्टी बुडवून पाहिली. ती जांभळी झाली. उपाशी माणसाची होते तशी.

मी लेक्चररांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. कागद बघून म्हणाले, "वय. म्हाताऱ्या माणसांचं सगळंच कमी होतं."

"पण वयाने मीठ इतकं कसं कमी होईल, सर?"

त्यांनी चष्मा काढला. "तुझं म्हणणं काय आहे?"

"त्या जेवत नाहीत, असं मला वाटतं."

"वहीत तर लिहिलंय." मग कागद परत देत म्हणाले, "आपण त्यांचे डॉक्टर नाही. शंका असेल तर तो नमुना वगळ."

मला वगळायचं नव्हतं. तीन दिवस मी काय बोलायचं ते मनात घोकलं आणि त्यांच्या घरी गेले. सून एकटीच दारात भेटली. मी विचारलं, "आजी जेवताना तुम्ही बघता का?"

 थोरांच्या तोंडाकडे बघत बसायचं नसतं, म्हणाली. आपण वाढायचं. मग मान खाली घालून तिने सांगितलं की त्यांचा मसाला, सुके मासे, कोबीत घालायची तिखटाची पूड, सगळं लंडनहून पार्सलने येतं आणि पुरत नाही. भांड्यांत कधीकधी दुपारी कमी असलेलं संध्याकाळी जास्त दिसतं, सासूबाई आपलं वाढलेलं परत टाकत असाव्यात. "मी विचारलं की म्हणतात, माझं झालं."

"मग वहीत?"

"मी वाढलेलं लिहिलं," ती म्हणाली.

तेवढ्यात नवरा घरी आला. मी त्यालाही सांगितलं. माझं इंग्रजी चांगलं होतं, पण अशा वेळी कसं बोलायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी 'कीटोन' म्हणाले, 'स्टार्व्हेशन' म्हणाले. तो अत्यंत शांतपणे म्हणाला, "मी माझ्या आईला उपाशी ठेवतो, असं तुम्हाला म्हणायचं आहे का?"

"नाही, तसं नाही..."

"आम्ही आता बाटल्या देणार नाही."

आजी पायऱ्यांवर उभ्या होत्या. आपल्यावरून काहीतरी बिनसलंय, एवढं त्यांना कळलं असावं. त्या मला वाकून वाकून नमस्कार करत राहिल्या, जणू चूक त्यांचीच होती.

रिपोर्टमध्ये मी त्यांची ओळ वगळली. खाली तळटीप लिहिली: संकलन अपूर्ण. ते खोटं होतं, हे मला लिहितानाच माहीत होतं.

आईला मी सगळं नाही, पण थोडं सांगितलं. ती लगेच उठली. एका डब्यात मऊ भात, दुसऱ्यात बटाट्याची भाजी, वर तूप. "म्हातारीला म्हणावं, परदेशात दुसऱ्या परदेशातलं खाऊन बघ." मी डबे त्यांच्या दाराशी नेले. सुनेने दोन्ही हातांनी घेतले, पण आत ये म्हणाली नाही.

चार दिवसांनी ती ते डबे आमच्या घरी देऊन गेली. मी कॉलेजात होते. संध्याकाळी आई खुशीत होती. "बघ, त्यांच्यातही आपल्यासारखंच दिसतं. भांडं रिकामं परत नाही केलं."

मोठ्या डब्यात लाल तिखटातला कोबी गच्च भरला होता. लहान डब्यात सुके मासे. घरात पुरत नव्हते तेच. ते कुणाच्या वाट्यातून निघाले असतील हे मला समजलं.

"बाई गं, काय खारट!" बाबा चाखून म्हणाले आणि आणखी घेतलं.

आई डबे घासायला घेऊन म्हणाली, "रविवारी शिरा करते. जाशील ना घेऊन?"

"नको, आई."

"का गं? त्यांनी एवढं भरून दिलं. आता आपली पाळी."

"नको ना. आता काहीच पाठवू नकोस."

तिने नळ बंद केला आणि माझ्याकडे वळली. "कॉलेजात जाऊन हे शिकलीस होय?" ती म्हणाली.  मी तिच्या हातातले डबे घेतले आणि पुसायला लागले.