न दिसणारा जाळ दाखवणारे निकुरे सर

श्यामराव निकुरे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सिंदेवाहीच्या आमच्या दुकानात. माझे यजमान प्रकाशराव शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करत. सरांनी रुमालातून मुठीएवढं इंजिन काढून समोर ठेवलं.

"हे काय जी, शिलाई मशीनचं हाय का?" यजमानांनी विचारलं.

"विमानाचं हाय."

यजमान माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तरले ऊन लागलं वाटते. पाणी आण."

सगळ्यात मोठ्यानं सरच हसले. त्या दिवसापासून ते आमच्या घरचे झाले.

सर शाळेत विज्ञान शिकवत. धान निघाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात ते मुलामुलींना इंजिनाची लहान विमानं उडवायला शिकवत. निवृत्तीनंतरही ते काम थांबलं नाही. आज पंच्याहत्तराव्या वर्षीही मैदानावर सर्वांच्या आधी तेच पोचतात. त्यांच्या विमानांबद्दल इतर लोक लिहितील. मी इंधनाबद्दल लिहिते, कारण माझा संबंध त्याच्याशी आला.

हे इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल आणि एरंडेल तेल. सरांच्या देखरेखीखाली यजमान ते तयार करत. मिथेनॉल विषारी असतं, म्हणून सरांचा नियम कडक होता: पाण्याच्या बाटलीत इंधन भरायचं नाही. आमच्याकडे पेट्रोलसुद्धा पाण्याच्या बाटलीतून नेतात. एकदा एका मुलीच्या वडिलांनी तशी बाटली पुढे केली. सर म्हणाले, "भाऊ, घरी कोणाले तहान लागली तर?" ते गृहस्थ रागावून निघून गेले. त्या दिवशी त्यांच्या मुलीचं विमान उडलं नाही. पुढच्या रविवारी ते नीट झाकणाचा डबा घेऊन आले.

सात वर्षांपूर्वी यजमान गेले. सकाळी छातीत दुखतं म्हणाले, दुपारी ते नव्हते. दुकान आवरताना त्यांनी तयार केलेल्या इंधनाचा एक डबा सापडला. त्याच्या दांडीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती, त्यावर त्यांचं अक्षर. तो डबा मी घरी आणला. उन्हाळा वाढत होता. इंधन गार जागी ठेवतात एवढं ऐकून माहीत होतं. लग्नात बर्फाची लादी आम्ही तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, गुंडाळून ठेवतो, म्हणून गोठ्यातल्या धानाच्या तणसात मी तो डबा खोल पुरला. मोठं शहाणपणाचं काम केलं असं मला वाटलं.

सर दर आठवड्याला विचारपूस करायला येत. बोलता बोलता मी डब्याचं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, गोठ्यात गेले आणि स्वतः तणस उपसून डबा बाहेर काढला.

"बाई, इथी काऊन ठेवलं?"

"मले वाटलं, गार राहीन."

ते म्हणाले, "चूक माझी हाय. प्रकाशले सगळं सांगितलं, तुम्हाले कधी सांगितलंच नाई."

मी म्हटलं, "डबा मी देत नाई. त्यांच्या हातचा हाय."

सरांनी वाद घातला नाही. डबा सावलीत, घरापासून दूर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मला मैदानावर बोलावलं. भर उन्हात त्यांनी लोखंडी झाकणात चमचाभर मिथेनॉल ओतलं, मिथेनॉलचा आपला डबा दूर नेऊन ठेवला आणि लांब काडीनं झाकण पेटवलं.

"काही दिसून राह्यलं का?"

"विझलं वाटते, सर."

त्यांनी लांब चिमट्यात तणसाची एक काडी धरून झाकणावर नेली. ती भुर्रकन पेटली. जाळ होता, पण मला दिसला नव्हता. सासूबाईंची झोपायची बाज गोठ्याच्या भिंतीलाच लागून होती.

घरी परतून मी सरांना डबा दिला. एवढंच मागितलं, की यातलं थोडं तरी इंधन एका विमानात घाला, यजमानांच्या हातचं एकदा उडू द्या. सरांनी डब्याचं झाकण पाहिलं. ते सैल होतं.

"ह्यानं हवेतलं पाणी धरलं असेल, बाई. वर इंजिन बंद पडलं तर विमान कोणाच्या डोक्यावर येईल. नाई उडवत."

मला फार राग आला. घरात जाऊन मी रडले. सरांना खोटं बोलणं सोपं होतं. दुसरं इंधन घालून त्यांनी विमान उडवलं असतं तरी मला कळलं नसतं. त्या दिवसांत माझ्याशी सगळेच गोड बोलत होते. खरं बोलणारे सर एकटेच होते, हे मला उशिरा उमगलं. त्या दिवशी डबा घेऊन जाताना त्यांनी दोरा सोडून चिठ्ठी माझ्या हातात दिली. "हे तुमचं. डब्यातलं मी पाहतो."

मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन घरीच झालं. सर मला इंधनाची माहिती आणून देत आणि म्हणत, "वाचा, मग मले समजावून सांगा." त्यांना काय समजायचं बाकी होतं? पण ते विद्यार्थ्यासारखे ऐकत बसत. मैदानाच्या कडेला इंधनाची वेगळी खोली बांधली, तेव्हा नियमांचा फलक त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतला आणि कुलपाची किल्ली मला दिली. कोणीतरी म्हणालं, "सर, बाईमाणसाले काऊन?" सर म्हणाले, "त्या चूक करून शिकल्या. तुमची अजून व्हायची हाय."

गेल्या उन्हाळ्यात पाहुणे आले होते. सर दुपारी एक वाजता इंधन मागायला स्वतः आले. भर उन्हात खोली उघडायची नाही, हा नियम.

"पाच वाजता या, सर."

"मलेच सांगता का, बाई?"

"तुम्हीच लिहवून घेतलं जी."

सर तसेच मागे फिरले आणि पाहुण्यांना मोठ्या खुशीनं म्हणाले, "बसा आता. आमच्या साहेब नाई म्हणून राह्यल्या."

सर, रक्तदाबाची गोळी चुकवू नका, उन्हात टोपीशिवाय फिरू नका. तुमची प्रकृती चांगली राहो आणि पुष्कळ वर्षं हात असेच स्थिर राहोत. मी सकाळी सात वाजता खोली उघडते. रोज या. आणि अवेळी आलात, तर तुम्हाला परत पाठवायचं भाग्य मला आणखी खूप वर्षं मिळो.