दारातला ट्रॅक्टर

आमच्याकडे ‘घर बघायला येणं’ याचा एकच अर्थ होतो. मुलीकडचे लोक येतात, गाई मोजतात, संडास आहे का बघतात, विहिरीत वाकून पाणी पाहतात आणि पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणून जातात. बँकेचा माणूससुद्धा घर बघायला येतो, हे मी घरात दोनदा सांगितलं होतं. पण घरात मोठ्या भावाच्या लग्नाची गडबड चालू असताना माझं ऐकतंय कोण!

त्या आठवड्यात माझा पुण्याला फार्मसीला नंबर लागला होता. शनिवारपर्यंत फी भरली नाही तर जागा पुढच्याला जाणार होती. घरात तेवढी रोकड नव्हती, म्हणून सरकारी योजनेतून शैक्षणिक कर्जाचा अर्ज केला. बँकेच्या कोल्हार शाखेतल्या साहेबांनी मला आणि अप्पांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं. फी थेट कॉलेजला जाते, जमीन तारण ठेवावी लागत नाही, शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही. घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर तेवढ्या काळाचं व्याज सरकार भरतं. वडिलांची सही मात्र सहकर्जदार म्हणून लागते.

अप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मार्चला नवं-जुनं करावं लागंल का?”

सोसायटीचं पीककर्ज मार्चमध्ये भरायचं आणि लगेच नवं उचलायचं, याला आमच्याकडे नवं-जुनं म्हणतात. अप्पांना जगात दुसरं कर्ज माहीतच नव्हतं. साहेब हसले. “तसलं काही नाही. फक्त उत्पन्नाचा दाखला आणा. आमचा माणूस एकदा घर बघून जाईल, मग मंजुरी.”

मी घरी आले ती तरंगतच. पण घरात वेगळाच घोर होता. दादा अठ्ठावीस वर्षांचा झाला होता आणि शेती करणाऱ्या मुलाला पोरगी द्यायला कुणी तयार नव्हतं. स्वतः शेतकरी असलेले बापसुद्धा ‘मुलगा नोकरीला पाहिजे’ म्हणायचे. त्यातून कसंबसं कोपरगावकडचं एक स्थळ आलं होतं. मध्यस्थाला अप्पांनी सांगून ठेवलं होतं, पाच एकर, सगळी बागायती. होती अडीच. त्यातल्या एका एकराला पाणी, बाकीची पावसाच्या भरवशावर. मुलीकडचे रविवारी येणार होते.

गुरुवारी सकाळी आईने फोन घेतला. पलीकडचा माणूस म्हणाला, “अकराच्या सुमारास घर बघायला येतोय.”

रविवारचे पाहुणे गुरुवारीच येतायत, म्हणजे अचानक येऊन खरी परिस्थिती बघणार, असा आईने अर्थ लावला. पुढच्या तासाभरात शेजारच्यांचा सोफा आला, त्यांच्या दोन संकरित गाई आमच्या गोठ्यात आल्या आणि त्यांचा लालभडक ट्रॅक्टर आमच्या दारात उभा राहिला. मध्यस्थालाही फोन गेला; मुलीकडच्यांनी परभारे कुणाला तरी पाठवलं असणार, असं त्यालाही वाटलं. मी तेव्हा सेतू केंद्रात दाखल्यासाठी रांगेत होते. मला कुणी काही कळवलं नाही.

दाखला घेऊन घरी आले, तर दारात ट्रॅक्टर. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच्या दारात आले. आत सोफ्यावर एक माणूस पोहे खात होता. बँकेत साहेबांच्या शेजारच्या टेबलावर बसणारा तो हाच, हे मी ओळखलं; अप्पांचं तेव्हा त्याच्याकडे लक्ष गेलं नसावं. शेजारी मध्यस्थ बसला होता. आणि अप्पा रंगात येऊन सांगत होते, “पाच एकर हाय, समदं बागायती. ऊस कारखान्याला जातो. दुधाचं येगळंच. आमाला कशाची कमी न्हाई.”

“ट्रॅक्टर तुमचाच?” त्या माणसाने विचारलं.

“मंग! पोरासाठीच घेतला.”

मी दारातूनच जोरात म्हणाले, “अप्पा, हे बँकेतले साहेब आहेत. माझ्या कर्जासाठी आलेत.”

अप्पांचा हात हवेतच राहिला. आई आतून चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती चौकटीतच थांबली. त्या माणसाने बशी खाली ठेवली आणि माझ्यापुढे हात केला. मी दाखला दिला. त्याने तो वाचला, बाहेर ट्रॅक्टरकडे बघितलं, पुन्हा वाचला.

“यातलं खरं काय धरू?” त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली. “दाखल्यात हे उत्पन्न, आणि तोंडी ते. तुमचं तोंडचं खरं असेल तर दाखला खोटा. मग व्याजाची सवलत तर सोडाच, मला ही फाईलच पुढे पाठवता येणार नाही.”

अप्पांनी मध्यस्थाकडे बघितलं आणि मान खाली घातली. खरं बोलावं तर मध्यस्थ समोर बसलेला, आणि खोटं रेटावं तर माझी जागा गेली. अप्पांचा मला इतका राग आला होता की ओरडावंसं वाटत होतं, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. बाहेर शेजाऱ्यांची गाय परक्या गोठ्यात सारखी हंबरत होती.

तेवढ्यात दादा आतल्या खोलीतून बाहेर आला. त्याने नवा शर्ट घातला होता, केसांना पाणी लावून भांग पाडला होता. तो सरळ अंगणात गेला. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, मग तो आवाज लांब जात बंद झाला. दादा चालत परत आला आणि दारातच उभा राहिला.

“साहेब, ट्रॅक्टर शेजारच्यांचा. गाई बी त्यांच्याच. रान अडीच एकर हाय, त्यातलं एकच भिजतं. दाखला खरा हाय.” मग मध्यस्थाकडे वळून म्हणाला, “तुमी बी तसंच सांगा पोरीकडच्यांना.”

मध्यस्थाने चहा घेतला नाही. टोपी उचलली, “आमचंबी तोंड काळं केलं तुमी,” एवढं म्हणाला आणि गेला. आई भिंतीला टेकून खाली बसली.

बँकेचा माणूस बराच वेळ लिहीत होता. उठताना त्याने रिकाम्या अंगणाकडे बघितलं. “ट्रॅक्टर नाही, असं लिहिलंय,” तो म्हणाला.

शनिवारी दुपारी फी भरली गेली. रविवारी कुणीच आलं नाही. आई तरीही सकाळी अंगण सारवून, पातळ बदलून बसली होती. ते बघून मी बॅग भरायची सोडून गोठ्यात जाऊन रडले.

मी शिकले, पुण्यात औषधांच्या कंपनीत लागले, हप्ते सुरू झाले. कोपरगावकडचं स्थळ का मोडलं, ही बातमी पुढे पाच-सहा गावं फिरली. ‘पाच एकरवाले’ असं आम्हाला चिडवायचे. नंतर दादाला दोन स्थळं आली, दोन्ही घरापर्यंत पोचली नाहीत. आता तो पस्तिशी ओलांडून गेलाय. आईने देवाला नवस करायचंही सोडलं.

मागच्या महिन्यात शेवटचा हप्ता गेला. मी पहिला फोन दादालाच केला. तो उसाला पाणी धरत होता, मागून मोटारीचा आवाज येत होता.

“दादा, कर्ज फिटलं.”

“व्हय? लई भारी झालं, तायडे!” तो खरोखर खूश झाला होता. मग हसत म्हणाला, “मंग आता बोलव कुणाला तरी घर बघायला. ट्रॅक्टर आणून लावतो.”

तो हसतच राहिला. मला हसता आलं नाही. कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून अप्पांची सही आहे, दादाची कुठेच नाही.