भर दुपारी गळणारा करंट

सकाळी दहाला नऊ अँपिअर. साडेबाराला पाऊण. मोबाइलवर आदल्या दिवसाची नोंद पाहून माझं डोकं फिरलं. मे महिन्यातलं नागपूर, डोक्यावर आग ओकणारं ऊन, आणि करंट बरोबर त्याच वेळी गायब. चार वाजले की पुन्हा हजर.

ही नोंद ठेवतो चार्ज कंट्रोलर. पॅनल आणि बॅटरीच्या मधला छोटा डबा तो. बॅटरीला झेपेल तेवढीच वीज आत सोडतो. पॅनल घडीचे होते, जमिनीवर पसरायचे आणि काम झालं की उचलायचे. सगळं सामान होतं भाऊराव काकांच्या ट्रेलरचं. काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. कामठी रोडवरच्या एका फॅब्रिकेटरच्या उरावर बसून त्यांनी कारमागे ओढायचं हे चाकांवरचं घर बनवून घेतलं होतं. सोलर मी बसवला.

हौस म्हणून नव्हे. काकांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रात्रभर मास्क लावून मशीनची हवा घ्यावी लागते. नरखेडकडच्या त्यांच्या गावी, मोठ्या भावाच्या शेतातल्या घरी, लाइटचा भरवसा नाही. त्यामुळे चार वर्षं ते तिथे मुक्कामी गेले नव्हते. यंदा बुद्धपौर्णिमेला विहारात स्वतःच्या हाताने खीर वाटायची, आठ दिवस राहायचं, असं ठरलं होतं. शुक्रवारी सकाळी निघायचं. पण मीराकाकू रिटायर्ड नर्स. त्यांची अट सरळ होती: आधी तीन रात्री घरच्या अंगणात, फक्त सोलरवर. नाही टिकलं, तर जाणं रद्द.

मंगळवार आणि बुधवार, दोन्ही रात्री टिकलं नाही. दोन्ही पहाटे बॅटरी संपली, मशीन बंद पडली, काका घाबरून उठले. काकू उरलेली रात्र त्यांच्या उशाशी बसून होत्या.

बिघाड सापडेपर्यंत मला जेवण जात नाही. बायको म्हणते, घरात असून नसल्यासारखे असता. बुधवारी सकाळी मी आधी कनेक्टर तपासले. घट्ट होते. वायर गरम होत नव्हती. मग संशय कंट्रोलरवर गेला, कारण काकांनी तो गॅसच्या कपाटात बंद करून टाकला होता. फार तापला की कंट्रोलर स्वतःला वाचवायला करंट कमी करतो. मी तो बाहेर काढला, वर छोटा पंखा लावला, आणि छाती फुगवून घरी गेलो. गुरुवारी सकाळी पाहतो तर बुधवारच्या दुपारीही तोच खड्डा.

काकूंना विचारलं, दुपारी पॅनलवर कशाची सावली येते का? कडुनिंबाची, टाकीची?

"काहीच नाही भाऊ. मी सोता ध्यान ठेवते."

काका खाटेवरून म्हणाले, "काहून गा, तुह्या सोलरले बी दुपारची झोप लागते का?"

मला हसू आलं नाही. काकांच्या पोराचा पुण्याहून फोन येऊन गेला होता, जाऊच नका म्हणून. त्यात भर म्हणजे काकांनी मोठ्या भावाला गावात खिरीचं दूध सांगून ठेवायला लावलं होतं.

दुकानात परतलो, पण हात चालेना. जुना कंट्रोलर काढून नवा बसवावा, तर वेळ नाही. मग लक्षात आलं की मी रोज सकाळीच जातोय. बारा ते चार आपण नागपूरकर कोणाच्याच दारात जात नाही. दुपट्टा डोक्याला बांधला आणि भर साडेबाराला गाडी काढली.

अंगणात पॅनल दिसेनात. त्यांच्या जागी कूलरची जुनी खसची ताटी आडवी पडली होती, आणि मीराकाकू मगाने तिच्यावर पाणी मारत होत्या.

"काकू, हे काय करून राहिल्या?"

"तुम्हीच तं सांगतलं भाऊ, पॅनल गरम झालं का करंट कमी होते. हात लावून पाहा, कसं गार ठेवलं मी."

खरंच सांगितलं होतं. बसवायच्या दिवशी, माहितीचा तोरा मिरवत. ते खोटंही नाही. पण गरमीने करंट थोडा पडतो, झाकल्याने सगळाच जातो. ही दुसरी ओळ मला सांगायच्या लायकीची वाटली नव्हती. सावली आहे का, हे मी विचारलं होतं. काकूंच्या लेखी ती सावली नव्हती, ती सेवा होती.

आवाज ऐकून काका बाहेर आले. "काहून वं, मले एक शब्द नाही सांगतला?"

काकूंनी मग खाली ठेवला आणि काकांकडे पाहिलं. "म्हणजे दोन रात्री यायले मीच जागवलं का?"

"तुम्ही नाही काकू, मी," मी म्हणालो. इतकी लाज मला पंचवीस वर्षांच्या धंद्यात वाटली नव्हती.

ताटी काढली. पॅनलखाली हवा खेळावी म्हणून चार-चार विटा लावल्या. त्याने जेवढं गार होईल तेवढं पुरे. डिस्प्लेवर आकडा चढत दहावर गेला. काकूंनी अट सैल केली: ही एक रात्र नीट गेली, तरच पहाटे निघायचं. ऊन उतरेपर्यंत मी तिथून हललो नाही. रात्र निघेल एवढी बॅटरी भरली होती, पण मला खात्री वाटेना. घरी कूस बदलत राहिलो.

सकाळी साडेसहाला मीच फोन केला. निघाले का, विचारलं.

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "अजून झोपले आहेत, भाऊ. मशीन चालू आहे. पाचलेच निघणार होतो, पण उठवावं वाटून नाही राहिलं."

आता मी गिऱ्हाइकाला देतो त्या कागदाची पहिली ओळ अशी आहे: पॅनल उन्हात उघडे ठेवावे. वाचून लोक हसतात. मी हसू देतो, आणि तेच पुन्हा एकदा तोंडी सांगतो.